शिवकन्याबाईंचा कॉम्प्युटर

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. बत्तीस वर्षं धाराशिवकडच्या वाशीच्या शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त होऊन येरमाळ्यात राहायला आलो, तरी हातातला लाल पेन काही सुटला नाही. दुकानांच्या पाट्या, स्टँडवरच्या सूचना, दिसेल ते तपासायचं. घरचे वैतागले. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, एवढीच हौस असेल तर महारुद्रच्या दुकानात जाऊन बसा. तिथं रोज पत्रिका असतात छापायला." तो चेष्टेनं म्हणाला होता, मी खरंच जाऊन बसलो. त्याला आता अकरा वर्षं झाली.

महारुद्रचं दुकान हायवेच्या कडेला, आठ बाय दहाचं. दारात झेरॉक्सचं मशीन, आत एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरसमोर त्याची बायको शिवकन्या. पाटीवर नाव महारुद्रचं असलं तरी दुकान शिवकन्येचं, हे सगळ्या गावाला ठाऊक. महारुद्र झेरॉक्स काढायचा, लोकांचे फॉर्म भरायचा आणि बार्शीच्या छापखान्यातून पत्रिकांचे गठ्ठे आणायचा. मजकूर लावायचं काम तिचं.

ती वाशीची. घरी शेती. बारावीनंतर शिक्षण थांबलं, पण टायपिंगची परीक्षा तिनं हट्टानं दिलेली. लग्न होऊन आली तेव्हा महारुद्रनं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि तो सुरू करण्यापलीकडं त्याला काही येत नव्हतं. बंद करायला आपण शिकवलं, असं शिवकन्या सांगायची आणि महारुद्र मान खाली घालून हसायचा. पुढं कॉम्प्युटरचा डबा दोनदा बदलला, पण मराठी टायपिंगचा प्रोग्राम तोच राहिला. त्यात तिनं आपल्या सोयीच्या खुणा करून ठेवल्या होत्या. दोन कळा एकदम दाबल्या की '॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥' ही अख्खी ओळ उमटायची. आडनावाची दोन अक्षरं मारली की त्या घरातली आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी नावं ओळीनं हजर. सत्तावीस वर्षांत पंचक्रोशीतली किती घरं तिनं त्यात बसवली असतील, तिलाच माहीत.

आमच्याकडं लग्नपत्रिका कोऱ्या कागदापासून कुणी करत नाही. घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका काढायची आणि तीच दुरुस्त करायची. नवरानवरीची नावं बदलायची, तारीख बदलायची, निमंत्रकांपैकी जे गेले त्यांच्या आधी 'कै.' लावायचं आणि तळाच्या किलबिलीत, म्हणजे 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांच्या ओळीत, मधल्या काळात जन्मलेली पोरं घालायची. शिवकन्येचा यात एक शिरस्ता होता. गावात कुणी गेल्याचं कळलं की ती दुसऱ्याच दिवशी त्या घराची फाईल उघडून 'कै.' लावून ठेवायची.

मी एकदा चेष्टा केली, "शिवकन्याबाई, येरमाळ्यातला माणूस ग्रामपंचायतीच्या आधी तुमच्या डब्यात मरतो."

ती हसली नाही. म्हणाली, "कुणीतरी लिवलं पायजे न्हवं, गुरुजी. घरच्यांचा हात धजत न्हाय. लग्नाच्या घाईत 'आमच्या अण्णाला कै. लावा' म्हणायची पाळी कुणावर यावी?"

त्यानंतर मी त्या बाईची चेष्टा जरा बेतानं करू लागलो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या कडूबाईच्या नातवाचं लग्न निघालं. पत्रिकेची कच्ची प्रत माझ्या हातात आली. निमंत्रकांत पहिलंच नाव, श्री. शंभुलिंग. हा कडूबाईचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, खांदा द्यायला मीही होतो. तिनंच तेव्हा लावलेलं 'कै.' आता खोडलं गेलं होतं. खाली नजर फिरवली तर आणखी चार गेलेली माणसं हात जोडून लग्नाला बोलावत होती. माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांदेखत मी बोललो, "शिवकन्याबाई, स्मशानातून आमंत्रणं पाठवताय का?"

ती पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "शंभुलिंग अण्णा गेले? कवा?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते त्या घडीला पहिल्यांदाच कळत होतं.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाक्यं खोडली. मी बोललेलं ते एक मात्र कायमचं राहून गेलं आहे. त्याची मला आजही लाज वाटते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्मृतिभ्रंश. एवढ्या कमी वयात क्वचित होतो म्हणाले, पण होतो, आणि वाढत जातो. शिवकन्या तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. आधी नुकतंच घडलेलं गेलं, मग जुनं जायला लागलं. दूध उतू जायचं, गॅस चालू राहायचा. स्टँडवरून घरी यायचा रस्ता चुकायला लागला. पण त्या खुर्चीवर बसली की पाठ ताठ व्हायची आणि बोटं पूर्वीसारखीच पळायची. डोक्यातून जे निघून गेलं होतं ते बोटांत कसं काय शिल्लक राहिलं, मला कळत नाही. मी भाषेचा मास्तर.

निकिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिचा फोन आला की महारुद्र तो स्पीकरवर टाकून झेरॉक्स काढत बोलायचा, त्यामुळं त्यांचं सगळं मला ऐकू यायचं.

"पप्पा, ती जुनी विंडोज काढून टाका आता. तिची दुरुस्ती करणं कंपनीनं कधीच बंद केलंय. लोकांचे आधार, पासबुकं त्याच्यावर स्कॅन करता तुम्ही. कुणी चोरून नेलं तर लोक कुणाला धरतील?"

"नव्या विंडोजवर आईचा टायपिंगचा प्रोग्राम चालंल का?"

"नाही चालणार. तो बनवणारेच राहिले नाहीत. नवा शिकायला लागेल. कळा वेगळ्या आहेत, पण महिन्याभरात येतं कुणालाही."

"बघू. एवढी लग्नसराई हू दे."

लग्नसराई झाली. मग चैत्रातली येडेश्वरीची यात्रा होऊ दे म्हणाला. मग पीकविम्याच्या फॉर्मची गर्दी सरू दे, मग दिवाळी होऊ दे. सकाळी डबा सुरू केला की पडद्यावर इशारा यायचा, तुमची प्रणाली जुनी झाली आहे. महारुद्र तो माशी हाकलावी तसा घालवायचा. मी त्याला पुष्कळ बोललो. उद्या करू म्हणणाऱ्याचा उद्या कधी उजाडत नाही, असंही ऐकवलं. तो "व्हय गुरुजी" म्हणायचा आणि पुढचं झेरॉक्स काढायचा. शेवटी निकितानं आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला. फॉर्म त्याच्यावर सुरू झाले, लोकांची कागदपत्रं तिकडं गेली आणि शिवकन्येच्या डब्याची इंटरनेटची वायर महारुद्रनं काढून टाकली. निकिताच्या काळजीपुरता तोडगा निघाला.

मग बार्शीच्या छापखान्यानं कळवलं, जुन्या फॉन्टमधली फाईल आमच्याकडं आता उघडत नाही, पत्रिका नव्यातच आणा. मी मनात म्हटलं, आता कुठं पळशील? पण दिवस गेले, शिवकन्या त्याच डब्यावर पत्रिका लावत राहिली आणि बार्शीहून त्या छापूनही येत राहिल्या. मला वाटलं छापखान्याचंच मन पाघळलं असेल.

एका दुपारी माझा चष्मा दुकानात राहिला म्हणून परत गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो तर महारुद्र लॅपटॉप पुढं घेऊन बसलेला. शेजारी शिवकन्येनं सकाळी लावलेल्या पत्रिकेची प्रत. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत तो ती पत्रिका पहिल्या ओळीपासून परत टाईप करत होता. मला बघून दचकला, मग ओशाळला.

"हे कधीपास्नं?" मी विचारलं.

"छापखान्यानं सांगितल्यापास्नं. ती सकाळी लावती. म्या तिच्याम्होरं पेनड्राइव्हात घेतो अन् खिशात घालतो, तिला वाटतं बार्शीला निगाली. ती घरी झोपली की हितं बसून परत मारतो. कै. लावायचं ऱ्हायलं आसंल तर लावतो."

"अरे, मग तिला कशाला बसवतोस? हे सरळ नव्यावरच—"

"गुरुजी," तो म्हणाला, "तिला आता भाकरी येत न्हाय. साडीच्या निऱ्या म्या घालतो. परवा सकाळी मलाच इचारलं, तुमी कोण्या गावचे? पर त्या कळांवर हात ठिवला की माझी शिवकन्या आसती. दोन तास. ती विंडोज बदलली की ते दोन तासबी गेले. मग म्या त्या घरात कुणासंगं ऱ्हाऊ?"

मी चष्मा घेतला आणि आलो. दोन वर्षं ज्याला आळशी म्हणत होतो तो माणूस रोज दुप्पट काम करत होता, आणि मला अकरा वर्षांत शुद्धलेखनाशिवाय काही दिसलं नव्हतं.

निकिताला यातलं फारसं माहीत नव्हतं. आईला विसरायला होतं, एवढंच. फोनवर महारुद्र सांभाळून घ्यायचा. सणासुदीला ती आली की शिवकन्या तिच्याकडं बघून हसायची, "जेवलाव का?" विचारायची. दारात आलेल्या प्रत्येकालाच ती तसं विचारायची, हे दोन दिवस राहून जाणाऱ्या पोरीच्या कसं लक्षात यावं? आणि महारुद्रला भीती होती की खरं कळलं तर ती नोकरी सोडून येईल.

गेल्या कार्तिकात निकिताचं लग्न ठरलं. मुलगा लातूरकडचा, कुलदीप नावाचा, तिच्याच कंपनीतला. ती चार दिवस सुट्टी काढून आली आणि येताना नवी विंडोज पेनड्राइव्हवर घेऊनच आली. दुकानात येऊन मला म्हणाली, "गुरुजी, दोन-अडीच तासांचं काम आहे हे, आणि पप्पा दोन वर्षं लावतायत. आज मीच करून टाकते."

महारुद्र म्हणाला, "आधी तुझी पत्रिका हू दे. आईच्या हातची. मग काय करायचं ते कर."

ती तयार झाली. आईशेजारी स्टूल ओढून बसली. शिवकन्येनं दोन कळा दाबल्या, येडेश्वरीची ओळ उमटली. मग रीतीप्रमाणं तिनं घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका उघडली. ते महारुद्रच्या धाकट्या बहिणीचं लग्न, अठरा वर्षांपूर्वीचं. तारीख खोडली, कार्यालय खोडलं, नवरीचं नाव खोडलं. मग शेजारी वळून निकिताला म्हणाली, "नवरीचं नाव सांगा, ताई."

निकिताला वाटलं आई थट्टा करते आहे. ती हसली. शिवकन्या बोटं कळांवर ठेवून थांबलेली. निकितानं बापाकडं पाहिलं. महारुद्र झेरॉक्सच्या मशीनचं झाकण पुसत होता, पुसतच राहिला.

"निकिता," ती म्हणाली.

शिवकन्येनं 'चि. सौ. कां. निकिता' मारलं आणि एकदम खुलली. "आमच्या लेकीचंबी हेच नाव हाय. लहान हाय आजून. साळंत गेलीया, यील आता." आणि पडद्याच्या तळाशी बोट ठेवून कौतुकानं दाखवलं, "ही बगा."

किलबिलीत नाव होतं. कु. निकिता. आत्याच्या लग्नात ती सात वर्षांची होती.

पोरगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शिवकन्येनं तिला थोपटलं. "रडू नका, ताई," म्हणाली. "परक्या घरी जाताना समद्यांनाच रडू येतं." ओळख नव्हती, पण नवरीला समजावण्यात तिनं काही कमी केलं नाही.

कच्ची प्रत माझ्याकडं आली. नवरीचं नाव वर आणि तळाला किलबिलीतही. महारुद्र म्हणाला, लॅपटॉपवर मारताना खालचं काढतो. निकिता म्हणाली, "काढू नका, पप्पा. आईनं लिहिलंय तसंच राहू द्या." दोघांनी माझ्याकडं पाहिलं. शेवटच्या प्रतीवर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करायची माझी रीत आहे. लाल पेन उघडला, आणि काहीही न खोडता सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळ्यांदेखत चूक जाऊ दिली. लग्नात पाहुणे हसले. नवरीच स्वतःच्या लग्नाला या म्हणतेय म्हणाले. हसू दिलं.

पत्रिका लावली त्या दिवशीच निकितानं पेनड्राइव्ह परत पर्समध्ये टाकला होता. "राहू द्या, पप्पा. आई बसते तोवर राहू द्या." नोकरी सोडून येते असंही ती म्हणाली, ते महारुद्रनं ऐकलं नाही. तेव्हापासून ती रोज फोन करते.

लग्न मार्गशीर्षात झालं. संक्रांतीनंतर शिवकन्या टाईप करेनाशी झाली. महारुद्र तिला रोज दुकानात आणायचा, खुर्चीवर बसवायचा, प्रोग्राम उघडून द्यायचा. ती हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसायची. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, थकली आसंल. दुसऱ्या आठवड्यात तिची बोटं आपल्या हातानं उचलून त्यानं कळांवर ठेवली. ती तशीच राहिली, मग घसरून मांडीवर आली. असे सहा आठवडे गेले. लग्नसराई तोंडावर आलेली. एकट्याला झेपेना म्हणून पत्रिकांसाठी वाशीची एक मुलगी कामाला यायची ठरली. तिला नवा प्रोग्राम येत होता, पण त्यासाठी नवा कॉम्प्युटर घ्यायला नाहीतर हाच बदलायला हवा होता.

फाल्गुनात एक दिवस महारुद्रनं माझ्यासमोर निकिताला फोन लावला. "ये रविवारी," म्हणाला. "आता टाक तुजी ती नवी विंडोज."

ती आली. आल्यापासून तिचा हात पर्सकडं जाईना. "पप्पा, थांबूया का अजून थोडं?"

"कुणासाठी?" महारुद्र म्हणाला.

ती म्हणाली, "मग जुनं सगळं जसंच्या तसं एका डिस्कवर ठेवून देऊ? नवी डिस्क आणते धाराशिवहून."

"पत्रिका काढून ठिव. बाकीचं कशाला? चालवणार कोन हाय ते?"

तो रागानं बोलला नाही. दमलेला माणूस बोलतो तसं बोलला. निकितानं पत्रिका काढून घेतल्या, बाकी सगळं पुसलं आणि नवी विंडोज चढवायला घातली. अडीच तास लागले. शिवकन्या आपल्या खुर्चीवर होती. तिला उठवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, बसायची तिची जागाच ती. पडद्यावर टक्के वाढत होते आणि आम्ही तिघं ते बघत होतो. एकदा पुसलं की तो प्रोग्राम पुन्हा कुठून मिळायचा नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

शेवटी नव्या विंडोजचा निळा पडदा आला. निकिता तोंडावर पाणी मारायला बाहेर गेली.

तेवढ्यात शिवकन्येची पाठ ताठ झाली. तिनं दोन्ही हात मांडीवरून उचलले, कळांवर ठेवले आणि त्या दोन कळा एकदम दाबल्या. अकरा वर्षं मी तिच्या शेजारी बसलोय, कोणत्या त्या मला बघावं लागलं नाही. पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिनं परत दाबल्या. थांबली, तिसऱ्यांदा दाबल्या.

महारुद्र दारातच उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. पुन्हा कधी पाहायला लागू नये.

शिवकन्या त्याच्याकडं वळली. "अवो," तिनं विचारलं, "लाईट गेली का?"



"व्हय," तो म्हणाला. "गेली."

"यील मग," ती म्हणाली. "लागू कामाला." आणि हात कळांवरच ठेवून वाट बघत बसली.

तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता. मी उठलो आणि बटण दाबून तो बंद केला.